एकटीच्या सहलीचा जाहीर सत्कार

व्हिएतनामला जायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं, पैसे जमवणंच काय ते अवघड जाईल. ते तर हळूहळू जमले. अवघड गेली ती माणसं, परकी थोडी, घरची जास्त.

मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, काही दिवसांनी कागद उलगडायचा, उगवलं किती आणि कुजलं किती ते लिहायचं. लग्न झालं होतं, ते मोडलं, आणि त्याला आता इतकी वर्षं झाली की मला त्याचं सोयरसुतक उरलेलं नाही. इतरांना आहे. एका मारवाडी कुटुंबाच्या घरात वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. माहेर वडीगोद्रीला. तिथे आई, थोरला भाऊ आणि वहिनी. भावाचं हायवेला लागून खत-बियाण्याचं दुकान आहे आणि त्याला पंचायत समितीला उभं राहायचंय.

नवरा नसलेली बाई कामाला गेलेली चालते. बाजारात, दवाखान्यात, तेराव्याला, सगळीकडे चालते. फिरायला गेलेली चालत नाही. हा नियम मला कुणी शिकवला नव्हता, पण तो मोडायला निघाले तेव्हा तो सगळ्यांना तोंडपाठ असल्याचं कळलं.

व्हिएतनामच का, याचं उत्तर अगदी साधं होतं. स्वस्त. युरोपचे भाव बघून मी फोन पालथा ठेवला होता. दुबईला गावातली चार माणसं होती, म्हणजे तिथेही कुणीतरी विचारायला आलंच असतं. व्हिएतनामला आमच्याकडचं कुणी नव्हतं, व्हिसा घरबसल्या फोनवर निघत होता, आणि बायकांच्या सामाईक खोलीत एक पलंग आमच्या बसस्टँडजवळच्या लॉजपेक्षा कमी पैशात मिळत होता. दोन हंगाम मी जादा पाळ्या केल्या. दिवाळीला साडी घेतली नाही. विमान सगळ्यात स्वस्तातलं, त्यात फक्त हातातली बॅग न्यायची परवानगी, तीही सात किलोची. मी बॅग भरून प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवली, तर शेंगदाण्याच्या चटणीनेच सगळा घोळ केला होता. चटणी काढली नाही. एक स्वेटर काढला.

आणि का जायचं, तर त्याचंही उत्तर होतं, पण ते द्यायची मला कुणी संधीच दिली नाही. आमच्या भागात बाई दिसली की पहिला प्रश्न असतो, कोणाची गं तू? बापाचं नाव सांगा, नवऱ्याचं सांगा, भावाचं सांगा, कुणाचं तरी सांगावंच लागतं. मला काही दिवस अशा ठिकाणी राहायचं होतं, जिथे माझ्या मागे कोण आहे याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसेल. बस, इतकंच. याच्यात पाप काय होतं ते मला आजही कळलेलं नाही.

सुरुवात साहेबांपासून झाली. सुट्टीचा अर्ज घेऊन गेले तर म्हणाले, "लग्न आहे का घरात?"

"नाही. फिरायला जायचंय."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तुम्ही असं करा, आई आजारी आहे म्हणून लिहा. मी लगेच सही करतो. हे फिरायला वगैरे वर गेलं तर उगाच चर्चा होते." म्हणजे धडधाकट आईला आजारी पाडल्याशिवाय मला सुट्टी मिळणार नव्हती. मी 'पर्यटन' असंच लिहिलं आणि त्यांनी तो अर्ज खूप दिवस टेबलावर लोळवला. मी रोज जाऊन त्यांच्यासमोर उभी राहायचे. शेवटी माझं तोंड बघायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी सही केली असावी.

घरमालकीण त्याच्याही पुढची. पाणी भरताना जिन्यात गाठून म्हणाली, "बाई, आमच्यात पोरी पुण्याला पण अकेल्या नाय जात. तुमचं तुम्ही बघा. पण नीचे माझ्या सुना आहेत, त्या सगळं बघतात." सुना काय बघतात आणि बघून त्यांना काय होणार आहे, हे तिने सांगितलं नाही. मी भाडं वेळेवर देते, गाणी मोठ्याने लावत नाही, गच्चीवर त्यांच्या पापडांवर लक्ष ठेवते, आणि तरी मी तिच्या सुनांना लागणारा रोग होते. मी म्हटलं, "बघू द्या की, डोळे आहेत तर." त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्याचं फार दुःख झालं असं म्हणता येणार नाही.

आईचं निराळंच. फोनवर तिने आधी देशाचं नाव दोनदा विचारलं. मग म्हणाली, "फिरायचंच हाय ना तुला? मंग जांबला चल. आमचं भजनी मंडळ टेम्पो करून राह्यलं. दर्शन होईल, परसाद मिळंल, सांजच्याला घरी."

"आई, जांबला मी लहानपणापासून जाते."

"मंग? देव बदलला का तिथला?"

आईच्या लेखी प्रवासाला एक कारण लागतं, आणि ते कारण देव, दवाखाना किंवा सोयरिक यापैकीच असावं लागतं. नुसतं बघायला जाणं म्हणजे तिला रिकामटेकडेपणा वाटतो. तिच्यावर मला राग यायचा आणि त्या रागाची मग मलाच लाज वाटायची.

दादावरच्या रागाची मात्र मला कधीच लाज वाटली नाही. तो मोटारसायकल काढून थेट जालन्याला आला. खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसला आणि मी चहा ठेवायच्या आत सुरू झाला. "तू येडी झाली का? काही झालं तर कोन निस्तरणार? आन् खर्चा कशाला करून राह्यली एवढा? तेवढ्यात तुझं नाव लावून शेतात बोअर पाडला असता."

"माझं नाव लावून?"

"म्हंजे आपल्याच शेतात ना."

आपल्या. त्या शेताच्या सातबाऱ्यावरून माझं नाव कमी करायला सही मागायला हाच आला होता. मी चहा ठेवलाच नाही.

"लोकं काय म्हनतील याचा काही इचार? परत आलेली बहीण, आता फॉरेनला चालली, एकटी. म्या इलेक्शनला उभा राहून राह्यलो. माझ्या तोंडाला काळं फासू नको."

"तुझ्या तोंडाचं तू बघ. मी तिकीट काढलंय, ते परत होत नाही."

तो जिना उतरताना इतका जोरात उतरला की खालच्या सुनांना बघायला बरंच काही मिळालं असेल.

त्यानंतर काही आठवडे वडीगोद्रीहून एकही फोन आला नाही. आणि मग अचानक सगळे गोड झाले. वहिनीचा फोन आला. "ताई, तुमचं कधी निघायचं ठरलं? जायच्या आधी एक रविवार या बरं. आन् तुमचा एक चांगला फोटो पाठवा मोबाईलवर. आईला पाहू वाटायलाय." आईला माझा फोटो पाहावासा वाटतोय, या एका वाक्याने मी विरघळले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. प्रयोगशाळेच्या दारात काढलेला, कुर्त्यातला, हसरा फोटो मी पाठवून दिला.

रविवारी वडीगोद्रीच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि समोर मीच उभी होते. हायवेच्या कडेला, रसवंतीच्या डोक्यावर, दोन बांबूंना ताणून बांधलेलं बॅनर. कोपऱ्यात विमान. वर ठळक अक्षरांत, 'व्हिएतनाम येथे आधुनिक शेती अभ्यास दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल आमच्या भगिनींचे हार्दिक अभिनंदन'. माझ्या नावाआधी 'सौ.'. आणि त्या हसऱ्या तोंडाखाली माझा कुर्ता नव्हता. आमच्याकडे बॅनरवाल्यांकडे तयार अंगं असतात. पुढाऱ्यासाठी पांढरा सदरा आणि जाकीट, बाईसाठी काठपदराची साडी. तोंड कापायचं आणि अंगावर बसवायचं. मला मोरपिशी काठपदर नेसवला होता, दोन्ही खांद्यांवर पदर होता, आणि गळ्यात चांगलं ठसठशीत मंगळसूत्र घातलं होतं. शेजारी हात जोडलेला दादा. माझ्या दुप्पट. खाली शुभेच्छुकांची रांग, त्यांतल्या निम्म्यांना मी ओळखतही नव्हते.

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला त्या फाट्यावर समजलं. रसवंतीवाल्याने मला ओळखलं आणि हात जोडून म्हणाला, "अभिनंदन ताई! सरकारनं निवडलं म्हनतेत." मी तशीच दुकानाकडे चालू लागले.

दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मी विचारलं, "हे काय लावलंयस?"

दादा अगदी शांत होता. गिऱ्हाईकाला पिशवी बांधून दिली, पैसे गल्ल्यात टाकले आणि मग म्हणाला, "काय वाईट केलं? तुला जायला रस्ता करून दिला. एकटी फिरायला चालली म्हनलं तर लोकं थुंकतेत. अभ्यास दौरा म्हनलं तर हार घालतेत. तू बी जाशील, घराची इज्जत बी राहील. बराबर हाय का न्हाई?"

"मंगळसूत्र?"

"ते बॅनरवाल्याकडं तसंच असतंय. बिनमंगळसूत्राचं अंग न्हाई त्याच्याकडं."

हे मात्र त्याने खोटं सांगितलं नसावं. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की त्याचं गणित चूक नव्हतं. माझ्या दोन हंगामांच्या कष्टांवर आयत्या बिळावरच्या नागोबासारखा तो येऊन बसला होता, आणि वर माझ्यावरच उपकार करत होता. दुपारी मारुतीच्या देवळासमोर माझा जाहीर सत्कार होता. मंडप घातला होता, माईक आला होता.

घरी गेले तर आई दारातच उभी. नवीन लुगडं नेसलेली. शेजारच्या दोघी-तिघी बसलेल्या, चहा झालेला. त्यांतल्या एकीने मला कुंकू लावायला हात पुढे केला. "लई नाव काढलं गं बाईनं," ती म्हणाली, आणि आई हसली. मी माघारी आल्यापासून आई चारचौघींत माझ्यामुळे हसलेली मला आठवत नाही. लोक आले की ती मला आत पाठवायची.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "आई, तुला माहितीये ना हे सगळं खोटं आहे?"

"मला काय सांगती. माहीत हाय." ती कपबशा गोळा करत होती. "तेवढं एक गपचूप घे. शाल घे, नारळ घे, खाली बस. मंग जा कुठं जायचं तिथं. कोनी काही म्हननार न्हाई. मला बी गावात राहायचंय."

खरं सांगायचं तर मी बराच वेळ विचार केला. पाच मिनिटांचा सत्कार, एक शाल, आणि मी परत आल्यावरही आईला बायकांत मान वर करून बसता येणार. पण मग व्हिएतनामला जाणार होती ती काठपदरातली बाई. माझी सुट्टी, माझे पैसे, माझं धाडस, सगळं तिच्या आणि दादाच्या नावावर जमा होणार होतं. परत आले की तिकडची शेती कशी असते यावर भाषण करावं लागणार होतं. आणि पुढच्या वेळी कुठे जायचं म्हटलं की पुन्हा दादानेच कारण शोधायचं. शेतातून माझं नाव काढायला त्याला निदान माझी सही तरी लागली होती.

मंडपात माणसं बरीच होती, कारण नंतर चिवडा आणि चहा होता. दादाने भाषण केलं. माझ्या भगिनीने तालुक्याचं नाव साता समुद्रापार नेलं वगैरे. मी अजून जालन्याच्या पलीकडे गेले नव्हते. मग मला शाल घातली, नारळ दिला, आणि दोन शब्द बोला म्हणून माईक हातात दिला. दादाला वाटलं मी आभार मानीन.

मी म्हटलं, "माझी कुणीही निवड केलेली नाही. मी माझ्या पगारातून फिरायला चालले आहे. एकटी. त्याचा शेतीशी काही संबंध नाही."

माईक खरखरत होता. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग मालक कुठं हायेत?"

"मालक नाहीत. बॅनरवरचं फक्त तोंड माझं आहे. खालचं अंग कुणाचं ते बॅनरवाल्याला विचारा."

पोरं हसली. दादाने माझ्या हातातून माईक जवळजवळ हिसकावला आणि म्हणाला, "आमच्या ताईला गंमत करायची सवय हाय!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. चिवड्याची ताटली आली, निम्म्यांनी ऐकलंच नव्हतं, आणि ज्यांनी ऐकलं होतं ते माझ्याकडे पाहत खात होते. "शिकलेल्या बायांचं हे असं असतंय," असं कुणीतरी मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालं. मी शाल घडी करून टेबलावर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला आणि खाली उतरले.

दादाने देवळाच्या पायऱ्यांजवळ मला गाठलं. आवाज खाली ठेवून, दात आवळून म्हणाला, "आजपासून हे घर तुला बंद. म्या मेलो तरी यायचं न्हाई." मी म्हटलं, "बरं." रस्त्याने येताना मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

आई माझ्याआधीच घरी पोचली होती. माझी पिशवी तिने बाहेर ओट्यावर आणून ठेवली होती. ती दारात उभी होती, एक हात चौकटीवर, म्हणजे मला आत जाता येणार नव्हतं. मी पिशवी उचलली. तिच्याकडून शिव्या अपेक्षित होत्या. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एक सांग मला," ती म्हणाली. "तिकडं तुला काही झालं, तर ती लोकं फोन कोनाला करतेन?"

"तुला. तुझाच नंबर दिलाय."

"माझा काहून? दादाचा द्यायचा."

"दादाचा नाही दिला. तुझा दिला."

मग तिने लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं.

"मला त्यांची भाषा येत न्हाई. फोन आल्यावर म्या काय बोलू?"

मी सगळ्याचा विचार केला होता. सिमकार्डाचा, पोटाच्या गोळ्यांचा, बॅगेच्या वजनाचा. तिने फोन उचलून कानाला लावलाय आणि पलीकडून कुणीतरी तिला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी सांगतंय, एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मंग मरू नको तिकडं," ती म्हणाली, आणि दार लावून तिने आतून कडी घातली.